आप्पा वर्गात येऊन बसले

बेळगावच्या वडगावात आम्ही राहायचो त्या दोन खोल्यांच्या दोन्ही अंगांना यंत्रमाग होते. एका बाजूला साड्यांचे, दुसऱ्या बाजूला कापडाचे. सकाळी आईनं चुलीवर ठेवलेलं दूध तापायच्या आत ते सुरू व्हायचे आणि मग दिवसभर मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून बारीक किणकिणत राहायचे. त्या आवाजाचा आम्हाला त्रास कधी वाटला नाही, फक्त घरातली सगळी माणसं चढ्या आवाजात बोलायला शिकली. माझी सून आजही म्हणते, आई, फोनवर थोडं हळू बोला, पलीकडच्याला ऐकू येतंय. वीज गेली की मात्र सगळे माग एकदम थांबायचे. गल्ली इतकी गप्प व्हायची की कुणाच्या चुलीवरचं कालवण रटरटतंय तेसुद्धा कळायचं. बायका दारात येऊन उभ्या राहायच्या, मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात मिसळून गप्पा सुरू व्हायच्या, आणि आई आत वळून आम्हाला म्हणायची, "बोला काय बोलायचं हाय ते, करंट यायच्या आत." आमच्या घरातल्या महत्त्वाच्या बऱ्याच गोष्टी अशा वीज गेलेल्या वेळी ठरल्या.

आई मूळची निपाणीकडची. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं तिनं तंबाखूच्या वखारीत काम केलं होतं. वखार सोडून किती तरी वर्षं झाली तरी ट्रंकेतली तिची जुनी लुगडी बाहेर काढली की मला शिंका यायच्या. वडगावात आल्यावर ती शेजारच्या मागवाल्यांना कांड्या भरून द्यायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळून द्यायचं काम. तिचा उजवा हात चाकावर फिरत असायचा आणि तोंडानं ती माझी उजळणी घ्यायची. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण मी पाठ म्हणताना कुठं अडखळले की ते तिला बरोब्बर कळायचं. आवाजावरनं कळतंय, म्हणायची.

आप्पा, म्हणजे माझे वडील, मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर लोखंड फिरवत ठेवून त्याला हवा तो आकार द्यायचा, हे त्यांचं काम. सायकलवरून जायचे. डब्यात ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी अंबाडीची भाजी. संध्याकाळी परत आले की त्यांच्या अंगाला लेथचं हत्यार थंड ठेवणाऱ्या दुधाळ पाण्याचा एक तेलकट, किंचित आंबूस वास असायचा. हातपाय धुऊन ते उंबऱ्यावर बसायचे आणि मी सुई घेऊन त्यांच्या बोटांत रुतलेले लोखंडाचे बारीक कण काढायची. तळहात माझ्या मांडीवर ठेवून ते गल्लीकडे बघत राहायचे. दुखतंय का विचारलं तर म्हणायचे, न्हाय, तू काढ. त्या हातांचं कारखान्यात नाव होतं. एखादा जॉब अवघड असला की तो कांबळ्यांकडे द्या, असं साहेब लोक म्हणायचे, आणि हे आप्पा घरी येऊन सांगायचे नाहीत. कधीतरी त्यांच्यासोबतचे लोक घरी यायचे त्यांच्या बोलण्यातून आम्हाला कळायचं.

शाळा त्यांनी सातवीत सोडली होती. निपाणीजवळच्या त्यांच्या गावी आमच्या वस्तीतली मुलं वर्गात मागे, दाराशी बसायची. गुरुजी वाईट नव्हते, मारकेही नव्हते, असं आप्पा नेहमी सांगायचे. पण प्रश्न विचारायचा तो पुढच्या मुलांनी. मागच्यांनी ऐकायचं. हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नसायचा. पावसाळ्यात गावाचा ओढा कुठून वाहायचा हे सांगावं, तसं सांगायचे. मला त्याचा अर्थ खूप उशिरा लागला.

मी दहावीत होते त्या वर्षी कारखान्यात नवं यंत्र येणार असं ठरलं. आज त्याला सीएनसी म्हणतात आणि कुठल्याही लहान शेडमध्ये ते दिसतं, पण तेव्हा मच्छ्यात ते नवलाचं होतं. लेथच, पण हात लावायचा नाही. बटणांवरून आकडे द्यायचे, दार बंद करायचं आणि काचेतून बघत बसायचं. ते शिकवायला धारवाडकडचे एक तरुण इंजिनीअर आले, हिरेमठ साहेब. शिफ्ट संपल्यावर कँटीनमध्ये फळ्यावर शिकवायचे. मराठी त्यांना थोडकीच यायची, त्यामुळे मराठी, कन्नड आणि इंग्रजी असं सगळं एकत्र. पहिल्या दिवशी आप्पा घरी आले तेच एक वाक्य घेऊन. निमुळता जॉब करायचा असला, म्हणजे एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला जाड, तर जुन्या लेथवर आप्पा हत्याराची स्लाइड हव्या त्या कोनात वळवून घट्ट करायचे आणि काम सुरू. नव्या यंत्राबद्दल त्यांनी विचारलं, ह्यात कोन कुठं लावायचा? हिरेमठ साहेब म्हणाले, "अँगल बेडा, कांबळे. पॉइंट कोडरी." कोन नको, बिंदू द्या. कुठून निघायचं आणि कुठं पोचायचं तेवढं सांगा, मधली वाट यंत्र स्वतः काढतं. जेवताना आप्पा दोनतीनदा ते वाक्य म्हणाले. भाकरीचा तुकडा हातात तसाच. "पॉइंट कोडरी," म्हणायचे आणि मान हलवायचे, जणू एखाद्या पाहुण्यानं अजब काही मागितलं होतं आणि घरात ते आहे की नाही हे आठवून बघत होते.

वर्ग संपल्यावर परीक्षा झाली. उत्तीर्ण होतील ते नव्या यंत्रावर. जुने लेथ टप्प्याटप्प्यानं काढणार होते आणि उरलेल्या माणसांना मागच्या शेडमध्ये पाठवणार होते. तिथं ओतीव काम घासून साफ केलं जायचं. त्या शेडमधून सुटलेली माणसं नाकाला फडकं बांधलेली, भुवयांपर्यंत राखाडी झालेली असायची. आप्पा त्या परीक्षेत नापास झाले. एक गणित त्यांनी हिरेमठ साहेबांनी घोटून घेतलं होतं तसं नुसतं पाठ करून सोडवलं होतं, पण दुसरं उलटं विचारलेलं होतं. दोन्ही टोकं दिलेली, कोन काढा. तिथं त्यांनी कागद कोरा सोडला. नापास झालेल्यांना पुन्हा एकदा बसता येणार होतं. ही बातमी त्यांनी घरी आणली तेव्हा वीज नेमकी गेलेली होती. आई कांड्यांचं चाक थांबवून ऐकत होती. मग म्हणाली, "वखारीच्या धुळीतनं मी उठून आले. आता तुमी धुळीत जाऊ नगा." एवढंच. मग करंट आला आणि माग सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी माझं गणिताचं पुस्तक मागितलं. आमच्याकडे त्रिकोणमिती सुरू झाली होती. मगदूम सर अवघड धडे वर्षाच्या सुरुवातीलाच घ्यायचे, नंतर तुमचं लक्ष उडतं म्हणायचे. साइन, कॉस, टॅन ही सगळी सूत्रं मला पाठ होती. आप्पांनी यंत्राच्या गणिताची चिठ्ठी पुढं ठेवली. निमुळत्या भागाची लांबी दिलेली, कोन दिलेला, बारीक टोकाची जाडी दिलेली, जाड टोकाची जाडी काढायची. मला भलताच आनंद झाला. माझ्या पुस्तकातलं गणित कारखान्यातही असतं हे मला माहीतच नव्हतं. पुस्तकामागच्या कोष्टकात टॅनचा आकडा बघितला, लांबीनं गुणलं, बेरीज केली आणि उत्तर दिलं. आप्पा ते उत्तर कारखान्यात घेऊन गेले. जुन्या लेथवर कोन लावून तेवढ्याच लांबीचा तुकडा त्यांनी कापला आणि जाड टोक मोजलं. संध्याकाळी सुती चिंध्यांत गुंडाळलेला तो तुकडा माझ्यापुढं ठेवून म्हणाले, तुझ्या आकड्यात आणि ह्यात फरक पडतोय. जाडी मी सांगितली होती त्याच्या दुप्पट वाढली होती.

आम्ही दोघं त्या तुकड्याकडे बघत बसलो. मी गुणाकार पुन्हा केला, तो बरोबर होता. आप्पांनी कोन पुन्हा आठवून सांगितला, तोही बरोबर होता. आई बाजूला लोणच्यासाठी गाजरं चिरत होती. एक गाजर तिनं उभं मधोमध चिरलं आणि अर्धी फाक परातीत पडली. माझं लक्ष तिकडं गेलं. पुस्तकातला त्रिकोण त्या अर्ध्या फाकेत होता, सपाट बाजूपासून कडेपर्यंत. पण गाजर काही तेवढंच नव्हतं, वरच्या अंगाला होता तितकाच उतार खालच्या अंगालाही होता, म्हणजे वाढ दोनदा धरायची. मी ती फाक उचलून आप्पांना दाखवली. त्यांनी दुसरी फाक उचलून तिला जोडली, पुन्हा वेगळी केली, पुन्हा जोडली. मग दोघंही हसलो. आईनं, लोणच्याची गाजरं खेळायला नसतात, म्हणून दोन्ही फाका काढून घेतल्या. मला वाटतं, गणितात काहीतरी दिसतं, नुसतं लिहायचं नसतं, हे मला त्या परातीपाशी पहिल्यांदा कळलं.

माझ्या मते काम झालं होतं. उलट्या गणितालाही आता वाट होती, कोष्टकात आतला आकडा गाठून बाहेरचा कोन वाचायचा. पण आप्पा तिथं थांबले नाहीत. कोष्टकावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हा आकडा आला कुठनं? मी म्हटलं, समोरची बाजू भागिले लगतची बाजू. ते म्हणाले, ते तू मघाशी सांगितलंस. पण टॅन म्हंजे हाय काय? मी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्यानं. त्यांनी मान हलवली. मला नाही म्हणायला त्यांना बरं वाटत नव्हतं, पण पटलेलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मगदूम सरांना गाठून विचारलं. सरांनी समोरची बाजू, लगतची बाजू असं फळ्यावर लिहून दाखवलं आणि म्हणाले, परीक्षेला एवढं पुरे होतं. घरी येऊन मी तसंच सांगितलं. आप्पांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "माझी सेकंड शिफ्ट हाय ह्या आठवड्यात. सकाळी मोकळाच असतोय. मी येऊ काय तुमच्या वर्गात?"

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा पुण्याहून फोन आला होता. मी पुढे तंत्रनिकेतनात गणित शिकवलं, तिथला हा मुलगा, आता चाळिशी ओलांडलेला. त्याच्या कामाची पद्धतच बदलली आहे. जे तो आणि त्याची माणसं महिनाभर करायची ते आता संगणक बघता बघता करून देतो, आणि त्याला नव्यानं शिकायला बसवलं आहे, त्याच्यापेक्षा पंधरावीस वर्षांनी लहान मुलीच्या हाताखाली. तो म्हणाला, मॅडम, शिकण्याचं काही नाही हो, पण वर्गात हात वर करायला होत नाही. मी त्याला काही उपदेश केला नाही. त्या सकाळी आप्पा आमच्या शाळेच्या दाराशी कसे उभे होते ते सांगितलं. हे प्रकरण लिहायचं मनात आलं ते त्या फोननंतर.

ते आले होते धुतलेला शर्ट घालून, केसांना पाणी लावून, सायकल बाहेर भिंतीला टेकवून. मुख्याध्यापकांना आधी वाटलं ते माझी तक्रार घेऊन आलेत. मग कळल्यावर ते बराच वेळ टेबलावरच्या वस्तू इकडच्या तिकडं करत राहिले. असा नियम नाही, म्हणाले. मग म्हणाले, नको असाही नियम नाही. शेवटी, मगदूम सरांना चालत असेल तर आठवडाभर बसा, असं ठरलं. मगदूम सर चिकोडीकडच्या जैन शेतकरी घरातले, पन्नाशीचे, पांढरा सदरा, अगदी शिस्तीचे. त्यांनी आप्पांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, बसा कांबळे, पुढे जागा आहे. आप्पा पुढे गेले नाहीत. सरळ मागच्या बाकाकडे गेले. गुडघे बाकाखाली मावेनात, म्हणून तिरके बसले. वर्गातली मुलं वळून वळून बघत होती. माझ्या शेजारची मैत्रीण कानात म्हणाली, तुझे आप्पा नापास झालेत व्हय? मी म्हटलं, व्हय. ती म्हणाली, मग बरंय, आता आपल्यासंगं पास होतील.

दोन दिवस आप्पा नुसते ऐकत होते. सर फळ्यावर गणितं सोडवत होते, मुलं उतरवून घेत होती. बाहेर बेळगावची ती न संपणारी झिमझिम. तिसऱ्या दिवशी सर फळा पुसत असताना मागून बाक सरकल्याचा आवाज आला. आप्पा उभे राहिले होते. हाताची घडी घातलेली, लहान मुलं घालतात तशी. मला वाटलं ते बाहेर जायची परवानगी मागणार.

"सर, चुकलं तर सांगा. हे टॅन म्हंजे हाय तरी काय?"

कुणी हसलं नाही. सरांनी खडू हातात घेतला, समोरची बाजू असं लिहायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. आप्पा म्हणाले, ते समजलं सर, पोरीनं सांगितलं. काढायचं कसं ते कळतंय. पण काढतोय काय, तेच उमगंना. सर फळ्याकडे तोंड करून उभे होते. त्यांच्या पाठीवर सदऱ्याची इस्त्रीची घडी मला अजून दिसते. मग ते वळले आणि म्हणाले, "कांबळे, मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं विचारलं. मला थोडा वेळ द्या."

आप्पा बसले. मी मागे वळून बघितलं तर त्यांच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा असा मोकळा झाला होता की मला तो ओळखीचा वाटेना. त्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही एकत्र घरी आलो. वाटेत ते म्हणाले, "आमच्या येळी इचारायचं न्हवतं. आज इचारलं, तर मास्तर रागावलं न्हाईत गं." मग पुढे सायकल ढकलत निघाले, जणू काही बोललेच नव्हते.

पुढचं मला आप्पांकडून कळलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मगदूम सर स्कूटरवरून मच्छ्याला कारखान्यात हजर झाले. त्यांनी आयुष्यात लेथ जवळून पाहिला नव्हता. आप्पांनी त्यांना चष्मा दिला, सदऱ्याची बाही वर दुमडायला लावली आणि एक निमुळता तुकडा त्यांच्यासमोर कापला. लोखंडाच्या कुरळ्या साली गरम गरम बाहेर पडत होत्या. सर मुलांसारखे वाकून बघत होते. त्यांनी एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारली, हत्यार एवढं पुढे गेलं तर बाहेरच्या बाजूला किती सरकलं? आता आणखी तेवढंच पुढे गेलं तर? आप्पा मोजून सांगत होते. हिरेमठ साहेबही येऊन उभे राहिले आणि तिघांची तीन भाषांत चर्चा झाली. जाताना सरांनी तो तुकडा मागून घेतला.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी सरांनी वर्ग बाहेर व्हरांड्यात आणला. आमच्या शाळेच्या व्हरांड्याला एक उंच पायरी होती आणि सायकली चढवायला तिला एक फळी टेकवलेली असायची. सरांनी एका मुलाला त्या फळीच्या खालच्या टोकापासून जमिनीवर एक हात अंतर मोजायला लावलं आणि तिथून फळी किती वर आहे ते मोजायला लावलं. मग दोन हात अंतरावर. तिथं उंचीही दुप्पट झालेली. मग मधल्या भलत्याच ठिकाणी. वर किती चढलो त्याला पुढे किती गेलो त्यानं भागलं की प्रत्येक वेळी तोच आकडा येत होता. मग सरांनी आतून एक लांब बांबू आणवला आणि तो फळीच्या अंगाला लावून अगदी त्याच कोनात धरला. बांबू फळीपेक्षा खूप लांब. आता काय येईल, म्हणून सर आमच्याकडे बघायला लागले. अर्धी मुलं म्हणाली, वाढणार. मीही त्यात होते. मोजलं तर तोच आकडा. फळी वर उचलून कोन बदलला तेव्हा कुठं तो बदलला.

सर म्हणाले, "एक पाऊल पुढं गेलं की किती वर चढतो, ते हे. कोन तोच असेल तर फळी लहान असो का मोठी, ते बदलत नाही. म्हणून तर त्याचं कोष्टक करता येतं. हेच टॅन."

आप्पा फळीजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी फळीवरून हात फिरवला, खालपासून वरपर्यंत. म्हणाले, म्हंजे पुस्तकात आकडे हाईत ते कुणीतरी बसून एकेक कोन धरून काढून ठेवल्यात? सर म्हणाले, व्हय, कैक वर्षांपूर्वी, आणि आपल्याकडेसुद्धा. आप्पांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी कृतज्ञता म्हणेन. इतक्या लांबच्या, न पाहिलेल्या माणसांनी आपल्यासाठी काम करून ठेवलंय, हे कळल्याची. मी पुढं बरीच वर्षं शिकवलं. शिकवण्याच्या नव्या पद्धतींवरची शिबिरं केली, जाड जाड शब्द ऐकले, त्यातले काही आवडलेही. पण नवा धडा काढताना माझ्या मनात पहिल्यांदा येते ती ती फळी. आता विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मुलांच्या हातातला फोन तिथल्या तिथं देतो आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. मला त्याचा राग नाही, मी स्वतःही विचारते. फक्त मला कुतूहल असतं, ह्या मुलांना मागच्या बाकावरून उभं राहायला लावणारा प्रश्न कुठून येतो आणि तो यायला काय काय जुळून यावं लागतं.

दुसऱ्या परीक्षेत आप्पा उत्तीर्ण झाले. पहिले वगैरे आले नाहीत, मधे कुठंतरी होते. उलटं गणित मात्र त्यांनी पूर्ण सोडवलं. त्या संध्याकाळी सायकलच्या हँडलला अडकवून त्यांनी खव्याचा गोड कुंदा आणला आणि आईनं पहिला घास शेजारच्या मागवाल्यांच्या म्हाताऱ्या आक्कांना दिला. आक्का कन्नडमध्ये विचारत होत्या, कुणाचं लग्न ठरलं? आईनं मोठ्यानं सांगितलं, न्हाय वो आक्का, हे पास झाले.

दसऱ्याआधी आयुधपूजेच्या दिवशी आमच्या भागातले कारखाने घरच्या माणसांना बघायला उघडे असतात. आमच्या घरात पूजाअर्चा नव्हती, आप्पा बाबासाहेबांचे. पण यंत्रं बघायला ते मला आणि आईला घेऊन गेले. सगळीकडे झेंडूची फुलं, केळीचे खांब, चुरमुऱ्यांचे पुडे. आमचं त्रिकुट फुलांच्या गर्दीतून थेट काचेच्या खोलीत गेलं. आत थंड होतं आणि चपला बाहेर काढायच्या होत्या. आप्पांनी बटणांवरून आकडे दिले, सरकतं दार बंद केलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. आत दुधाळ पाण्याचा फवारा उडाला, हत्यार पुढं गेलं, तुकडा निमुळता होत आला. आई काचेला नाक लावून बघत होती. तिनं विचारलं, तुमचा हात न्हाय लागला तर तुमी काय केलासा? मला वाटलं आप्पांना ते लागेल. पण ते म्हणाले, कुठनं कुठं जायाचं ते मी सांगितलं. आईनं ते मनात तोललं आणि म्हणाली, मग लईच सांगितलं की.

ते पुढं निवृत्त होईपर्यंत त्या यंत्रावर आणि त्याच्या पुढच्या दोन यंत्रांवर काम करत राहिले. उंबऱ्यावर बसून सुईनं कण काढायचं माझं काम तेव्हापासून बंद झालं. सुरुवातीला संध्याकाळी मला चुकल्यासारखं व्हायचं.

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या सोमवारी मगदूम सरांनी नवा धडा काढला होता, वर्तुळाचा. सर हजेरी घेत असताना दारात सावली आली. आप्पा होते. धुतलेला शर्ट, केसांना पाणी. मागून मुख्याध्यापकही आले, थोडे गोंधळलेले. त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं, कांबळे, तुमची परीक्षा झाली, यंत्रही मिळालं, आता कशाला?

आप्पांनी एकदा सरांकडे, एकदा फळ्याकडे पाहिलं.

"काम झालं सर," ते म्हणाले. "पण गोष्ट अर्धीच ऱ्हायली न्हवं."

मगदूम सरांनी हजेरीचं पुस्तक मिटलं आणि हातानं पुढचा बाक दाखवला. आप्पा क्षणभर घुटमळले. मग मधल्या वाटेनं आले, पहिल्या बाकावरच्या दोन मुलांना जरा सरकायला सांगितलं आणि बसले.